आत, बाहेर

डुलुथमध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात
मी कुंड्यांची हजेरी घेतो.
अकरा.
खऱ्या कुंड्या त्यात चारच,
बाकी कॉफीचे डबे, आइस्क्रीमची बादली
आणि एक जुना कुकर, ज्याची शिट्टी
कुठे गेली ते घरात कुणी सांगत नाही.
तळाला भोकं मीच पाडली, गॅरेजमध्ये, ड्रिलनं.
एक बोटालाही.

नोकरीत मी शहराचं पाणी तपासतो.
समुद्राचा आव आणणाऱ्या तळ्याचं पाणी,
त्यात मोजून क्लोरीन सोडतो,
आणि घरी येऊन तेच पाणी
पातेल्यात रात्रभर उघडं ठेवतो
क्लोरीन उडून जावा म्हणून.
साहेबांना यातलं काही माहीत नाही.

धणे चपलेखाली रगडायचे, हे हाताला आठवतं,
म्हणजे पायाला.
कोथिंबीर उगवते, चार दिवस मिरवते,
आणि जुलैतल्या एखाद्या तापल्या दुपारी
कुणी काही बोललेलं नसताना
फुलावर येऊन बसते.
मेथी त्या मानानं गरीब.
गवती चहा व्हिएतनामी दुकानातल्या जुडीतला:
तीन काड्या पेल्यात उभ्या केल्या,
दोघींनी मुळं धरली.
तिसरी चहात गेली.

पलीकडचा आर्विड, वय एक्क्याऐंशी,
कुंपणावर कोपर टेकून
माझी ही वरात दरवर्षी बघायचा.
"सगळ्यांनाच आत नेतोस?"
"थंडी सगळ्यांनाच लागते."
"कुणी सांगितलं?"
त्याच्या पायरीवर निळी बादली, मासेमारीतून निवृत्त झालेली,
तिच्यात चाइव्ह्ज:
कांद्याच्या पातीची सडपातळ मावसबहीण.
तिला तो कधी उंबरा दाखवत नसे.
उणे तीसमध्ये बादली बर्फाखाली जायची,
वर फक्त कडी.

आत आमची खिडकी दक्षिणेची,
पण डिसेंबरात सूर्य साडेचारच्या आत
दुकान बंद करतो.
मग जांभळे दिवे. उल्का म्हणते,
स्वयंपाकघराचं ऑपरेशन थिएटर केलंस.
पुदिना हीटरशेजारी चिडचिडा होतो,
पानांमागे लाल कोळी, नखाच्या टोकाएवढेही नाहीत;
मी साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून
एकेक पान पुसतो, चष्मा पुसावा तसं,
आणि रेडिओवर उद्याचं तापमान ऐकतो.

गेल्या नोव्हेंबरात क्रिस्टननं वडलांना
'जिथे काळजी घेतात' अशा ठिकाणी हलवलं.
जाताना बादली आमच्या दारात ठेवली.
"आत घेऊ नका, एवढंच सांगितलंय त्यांनी."
मी मान डोलावली.
पहिल्या वादळाच्या रात्री
आत घेतली.

पंधरा दिवसांत पाती लांबल्या, पिवळट,
दिव्याकडे वळून वळून थकल्या,
आणि काठावर आडव्या पडल्या
नुकत्याच न्हायलेल्या केसांसारख्या.
उल्का काही बोलली नाही. पाणी मात्र घालणं बंद केलं.

जानेवारीत आर्विडला भेटायला गेलो.
खोली छान. चोवीस अंश, बारा महिने.
खिडकी उघडायची कडीच नव्हती,
त्यानं मला ती जागा बोटानं दाखवली,
जिथे ती असायला हवी होती.
अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा.
"बादली?"
"बाहेर आहे," मी म्हटलं.
तो इतका खूश झाला
की मला कोट घालून निघावं लागलं.

तीन रात्री गॅरेजमध्ये सवय केली.
चौथ्या रात्री पायरीवर.
सोबतीला पुदिन्याची कुंडीही ठेवली,
आणि आजूबाजूला बर्फ थापला, हातमोजे काढून,
थापताना कुणाशी बोलत होतो
ते शेजारच्या नव्या बिऱ्हाडानं पाहिलं असेल.

आज एप्रिलची एकोणीस.
आत गवती चहा चौकटीला लागलाय,
त्याला कधी बाहेर काढता असं उल्का रोज विचारते.
बाहेर काल कडी दिसली.
आज निळा काठ, तीन बोटं.
मधला बर्फ सगळ्यात शेवटी जातो.

मी हातात चहा घेऊन दारात उभा आहे.
अजून वाकून बघितलेलं नाही.